व्हाल म्युश्टायर: स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकावरची सहा गावं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडला जाणारा मराठी माणूस युंगफ्राऊ, टिटलिस, ल्युसर्न आणि झुरिक करून परततो. त्यात वाईट काही नाही, पण हा देश खेड्यांमध्ये कसा जगतो हे त्या सहलीत कळत नाही. ते कळायला व्हाल म्युश्टायरसारखं खोरं लागतं. इथे सहा गावं, दीड हजाराच्या आतबाहेर माणसं, बाराशे वर्षांचा मठ आणि दुसरीकडे क्वचितच ऐकू येणारी बोली आहे. या खोऱ्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे खोरं नेमकं कुठे आहे?

ग्राउब्युन्डेन हा क्षेत्रफळानं देशातला सर्वांत मोठा कँटन, म्हणजे घटक राज्य. त्याच्या पार पूर्वेच्या कोपऱ्यात हे खोरं आहे. देशाचा सर्वांत पूर्वेकडचा बिंदू, म्हणजे पिझ चावालाच हे २,७६३ मीटरचं शिखर, याच खोऱ्याच्या हद्दीवर येतं. पश्चिमेला २,१४९ मीटर उंचीची ओफेन खिंड. स्थानिक लोक तिला पास दाल फुओर्न म्हणतात. दक्षिणेला उम्ब्राइल खिंड, सुमारे २,५०० मीटर. पूर्वेला मात्र खिंड लागत नाही. रस्ता नदीच्या सोबतीनं उतरत उतरत सरळ इटलीत जातो.

नदीचं नाव रोम. इटलीच्या राजधानीशी तिचा काही संबंध नाही. ती खाली आदिजे नदीला मिळते आणि तिचं पाणी एड्रियाटिक समुद्रात पोचतं. म्हणजे पाण्याचा, रस्त्याचा, बाजारहाटाचा उतार सगळा इटलीकडे आणि कारभार मात्र डोंगरापलीकडच्या कूर या कँटनच्या राजधानीशी बांधलेला. या खोऱ्याच्या इतिहासातल्या बऱ्याच भानगडी या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

गावं सहा, मग कम्यून एक कसं?

कम्यून म्हणजे स्वित्झर्लंडमधलं स्थानिक कारभाराचं सर्वांत लहान एकक. आपल्या ग्रामपंचायतीसारखं म्हणता येईल, पण त्याचे अधिकार बरेच जास्त आहेत. स्वतःचा कराचा दर ठरवणं, शाळा चालवणं, बांधकामाचे नियम करणं ही कामं कम्यूनची.

वरून खाली येताना गावं अशी लागतात: चिएर्व, फुल्देरा, वाल्चावा, सांता मारिया आणि म्युश्टायर. सहावं ल्यू रस्त्यावर नाहीच, ते उन्हाच्या बाजूच्या उतारावर १,९२० मीटरवर बसलं आहे. प्रत्येक गाव पूर्वी स्वतंत्र कम्यून होतं. ल्यूची लोकसंख्या तर शंभराचाही पल्ला गाठत नव्हती, तरी त्याचा कारभार वेगळा चालायचा आणि युरोपातल्या सर्वांत उंचावरच्या बारमाही वस्तीच्या कम्यूनमध्ये त्याची गणना व्हायची. १ जानेवारी २००९ रोजी सहाही गावं एकत्र आली आणि व्हाल म्युश्टायर नावाचं एकच कम्यून झालं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस किलोमीटर आहे. बृहन्मुंबईच्या निम्म्याच्या आसपास जागा, आणि माणसं मुंबईतल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात मावतील एवढी.

हे फक्त याच खोऱ्यात घडलं असं नाही. १९९० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तीन हजारांहून जास्त कम्यून होती, आता ती एकवीसशेच्या आसपास उरली आहेत. कारण साधं आहे. शंभर लोकांच्या गावात पंच व्हायला, हिशेब तपासायला, शाळा समितीवर बसायला माणसंच मिळत नाहीत. ही बहुतेक कामं लोक आपापला धंदा सांभाळून जवळजवळ मानधनावर करतात. एकाच माणसाच्या डोक्यावर चार-चार पदं आली की विलीनीकरणाची चर्चा सुरू होते.

विलीनीकरणानंतर गावांची ओळख पुसली गेली का?

कागदोपत्री पुसली गेली. माणसांच्या बोलण्यात नाही. आजही कोणी "मी व्हाल म्युश्टायरचा" असं बाहेरच्याला सांगतो, पण खोऱ्यातल्या खोऱ्यात तो चिएर्वचा किंवा वाल्चावाचाच असतो.

स्विस पासपोर्टवर जन्मस्थळाच्या जागी "मूळ गाव" लिहिलेलं असतं. पणजोबा जिथले, ते. झुरिकमध्ये जन्मलेल्या, झुरिकमध्येच मरणाऱ्या माणसाच्या कागदपत्रावर अशा डोंगरातल्या एखाद्या गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतं. "तुमचं गाव कोणतं?" या प्रश्नाला डोंबिवलीत राहून "राजापूर" असं उत्तर देणाऱ्या मंडळींना यात नवल वाटायचं कारण नाही. फरक इतकाच की तिथे सरकारही हा प्रश्न विचारतं आणि उत्तराची नोंद ठेवतं.

म्युश्टायरचा मठ एवढा प्रसिद्ध का?

संत योहानाच्या नावाचा हा बेनेडिक्टाइन मठ १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. बर्नचं जुनं शहर आणि सेंट गालेनचा मठ यांच्यासोबत स्वित्झर्लंडची ती पहिलीच खेप. योगायोग असा की भारताची पहिली खेपही १९८३ चीच: अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला.

मठाचं खरं धन म्हणजे चर्चच्या आतली भित्तिचित्रं. ती इसवी सन ८०० च्या सुमाराची आहेत, आणि एका इमारतीत त्या काळातली इतकी चित्रं युरोपात दुसरीकडे कुठे शिल्लक नाहीत. भिंती पट्ट्यापट्ट्यांत विभागलेल्या आहेत. सर्वांत वर राजा डेव्हिडची कथा, खाली ख्रिस्ताचं बालपण, त्याचे चमत्कार, त्याच्या यातना, आणि पश्चिमेच्या भिंतीवर शेवटचा न्यायनिवाडा. एवढ्या मोठ्या आकारात रंगवलेल्या शेवटच्या न्यायाच्या सर्वांत जुन्या चित्रांत याची गणना होते. रंग गेरूचे, पिवळ्या मातीचे, राखाडी. पहिल्या नजरेत ते फिके वाटतात. दहा मिनिटं शांत उभं राहिलं की माणसं भिंतीतून पुढे येऊ लागतात.

पूर्वेच्या अर्धगोल कोनाड्यांत त्यावर चढवलेला दुसरा थर आहे, साधारण १२०० सालचा. हे चित्रकार वेगळ्या वृत्तीचे. हेरोद राजाच्या मेजवानीत त्याची सावत्र मुलगी सालोमे नाचता नाचता जवळजवळ उलटी झालेली दाखवली आहे, आणि शेजारीच तिनं नाचाच्या बक्षिसात मागितलेलं संत योहानाचं मुंडकं. माझ्या मते चर्चमधलं सर्वांत जिवंत चित्र हेच, जरी अभ्यासक जुन्या थरालाच जास्त मान देतात.

अजिंठ्याशी तुलना करायचा मोह होतो. तंत्र मात्र वेगळं आहे. अजिंठ्यात मातीचा लेप वाळल्यावर रंग चढवले. म्युश्टायरमध्ये चुन्याचा गिलावा ओला असताना काम सुरू केलं आणि बारकावे नंतर कोरड्यावर भरले. काळाचाच मेळ बघायचा असेल तर वेरूळचं कैलास लेणं जास्त जवळचं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीशी ते जोडलं जातं, म्हणजे आठव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकाशी, आणि या मठाच्या पायाभरणीचा काळही तोच.

मठ शार्लमेन सम्राटानं बांधला, हे खरं का?

दंतकथा अशी: ७७४ मध्ये उत्तर इटलीतल्या लोम्बार्डांचा राजा होऊन परतताना फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन उम्ब्राइल खिंडीत हिमवादळात सापडला, वाचला, आणि कृतज्ञता म्हणून त्यानं मठाची स्थापना केली. चर्चमध्ये त्याचा माणसाएवढा पुतळा उभा आहे.

हिमवादळाला पुरावा नाही. पण दंतकथेतली तारीख आश्चर्यकारकरीत्या बरोबर निघाली. इमारतीतल्या जुन्या लाकडाची वर्षवलयं मोजली तेव्हा झाडं ७७५ च्या सुमारास तोडल्याचं दिसलं. मागचं राजकारणही उघड आहे. नुकतंच जिंकलेलं उत्तर इटलीतलं राज्य आणि आल्प्सच्या उत्तरेचा मुलूख यांना जोडणाऱ्या वाटांवर विश्वासाची माणसं बसवायची होती. त्या काळी मठ म्हणजे धर्मशाळा, कचेरी आणि चौकी, तिन्ही एकात. कूरच्या बिशपचा त्यात मोठा हात असणार.

चित्रं बाराशे वर्षं टिकली कशी?

कोणी त्यांची फारशी पर्वा केली नाही म्हणून. ऐकायला विचित्र वाटेल, पण वस्तुस्थिती तशीच आहे.

बाराव्या-तेराव्या शतकात जुनी चित्रं जुनाट वाटली, त्यांवर नवी काढली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चर्चला गॉथिक पद्धतीची कमानदार छतं घातली. त्यामुळे भिंतींचा सर्वांत वरचा भाग छताच्या वर, माळ्यावर अडकून पडला. उरलेल्या भिंतींवर पुढे चुना फिरला. १८९४ मध्ये योसेफ झेम्प आणि रोबर्ट दुरर हे दोन कलाइतिहासकार माळ्यावर चढले आणि त्यांना डेव्हिडच्या कथेतले तुकडे दिसले. ते तुकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेले. आज ते तिथेच आहेत. म्हणजे अख्खी चित्रमाला बघायची तर दोन शहरं करावी लागतात. खालच्या भिंतींवरचा चुना १९४७ ते १९५१ या काळात उतरवला गेला.

चुन्यानं चित्रं झाकली आणि चुन्यानंच ती राखली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मठासाठी एक न्यास उभा राहिला. जतनाचं आणि उत्खननाचं काम तेव्हापासून सातत्यानं चालू आहे, आणि त्यातून दर काही वर्षांनी इमारतीचा इतिहास थोडा थोडा बदलतो.

मठात आजही कोणी राहतं का?

हो. सुरुवातीला हा पुरुषांचा मठ होता, बाराव्या शतकापासून इथे जोगिणी राहतात. आज त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. दिवसातून अनेक वेळा ठरल्या वेळी प्रार्थना, मधल्या वेळात काम. एकांतासाठी येणाऱ्यांची राहण्याची सोयही त्या करतात.

पाहुण्यांसाठी संग्रहालय आहे ते प्लांटा मनोऱ्यात. हा जाड भिंतींचा मनोरा दहाव्या शतकातला, म्हणजे आल्प्समधल्या सर्वांत जुन्या तटबंद निवासांपैकी एक. त्याचं नाव आन्जेलिना प्लांटा या मठाधिपतीवरून पडलं. पंधराव्या शतकाच्या शेवटी चर्चची नवी छतं आणि मनोऱ्यातली राहण्याची व्यवस्था ही तिचीच कामं. चर्चमध्ये प्रार्थना सुरू असेल तर थांबावं लागतं. मठ त्यांचा आहे, आपण पाहुणे. हे तिथे फलक लावून कोणी सांगत नाही, पण पाळलं जाण्याची अपेक्षा असते.

एकाच खोऱ्यात एक गाव कॅथलिक आणि बाकीची प्रोटेस्टंट कशी?

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली तेव्हा ग्राउब्युन्डेनमध्ये प्रत्येक गावानं आपापला धर्म ठरवायचा, असा प्रघात पडला. मठाच्या सावलीतलं म्युश्टायर कॅथलिक राहिलं. वरच्या गावांनी नवा पंथ घेतला. दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात चर्चची आतली सजावट, सणांचं कॅलेंडर, लग्नसंबंध सगळं बदलायचं. आता सोयरिकी सर्रास होतात. पण चर्चच्या आत डोकावलं की फरक लगेच कळतो. एकीकडे सोनं, संतमूर्ती, मेणबत्त्या. दुसरीकडे पांढऱ्या भिंती आणि लाकडी बाकं.

इथे मोठी लढाई झाली होती म्हणतात?

२२ मे १४९९, काल्वेनची लढाई. जागा खोऱ्याच्या तोंडाशी आहे, आजच्या हिशेबानं इटलीत. एका बाजूला ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राटाच्या वतीनं लढणारं सैन्य, दुसऱ्या बाजूला ग्राउब्युन्डेनच्या तीन लीगांचे, म्हणजे गावांनी मिळून केलेल्या संघांचे, शेतकरी-सैनिक. शेतकरी जिंकले. त्यांचा सेनानी बेनेडिक्ट फोन्ताना लढाईत पडला आणि पुढे कँटनचा वीरपुरुष ठरला. विजयाची किंमत खोऱ्यानं मोजली. त्या वर्षी सैन्यांच्या येण्याजाण्यात गावं आणि मठ दोन्ही लुटले-जाळले गेले. लढाया राजांच्या आणि घरं रयतेची, हे तिथेही तसंच.

त्यानंतरही हे खोरं ऑस्ट्रिया आणि तीन लीग यांच्या ओढाताणीत बराच काळ राहिलं. ग्राउब्युन्डेन स्विस कँटन झाला तो १८०३ मध्ये. खालची सीमा तर १९१९ पर्यंत इटलीशी नव्हतीच, ती ऑस्ट्रियाशी होती. पहिल्या महायुद्धात उम्ब्राइलवर पहारा देणारे स्विस सैनिक शेजारच्याच श्टेल्व्हिओ खिंडीच्या कड्यांवर इटली आणि ऑस्ट्रिया एकमेकांशी लढताना बघत होते. त्या वेळच्या खंदकांचे अवशेष पायवाटेवर आजही दिसतात.

इथली भाषा कोणती? जर्मन की इटालियन?

दोन्ही नाही. रोमान्श. लॅटिनपासून निघालेली, आल्प्सच्या खोऱ्यांत अडकून राहिलेली भाषा. संपूर्ण स्वित्झर्लंडमध्ये ती बोलणारे साठ हजारांच्या आसपास आहेत. १९३८ मध्ये सार्वमतानं तिला देशाची चौथी राष्ट्रभाषा केलं. त्या वेळी शेजारी मुसोलिनीच्या इटलीत या बोली म्हणजे इटालियनच्याच पोटभाषा आहेत असा प्रचार चालू होता, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी त्याला दिलेलं हे उत्तर होतं.

इतक्या थोड्या लोकांच्या भाषेची लेखी रूपं पाच. व्हाल म्युश्टायरची बोली यौअर, ती त्या पाचांत नाही. लोक बोलतात यौअर, लिहितात वालाडेर, म्हणजे शेजारच्या एंगाडिन खोऱ्याच्या खालच्या भागाची लेखी भाषा. घरात मालवणी आणि वहीत प्रमाण मराठी असा अनुभव असलेल्यांना याचं फार स्पष्टीकरण लागू नये.

१९८२ मध्ये भाषातज्ज्ञ हाइनरिख श्मिड यांनी मुख्यतः तीन लेखी रूपांचा मध्य काढून "रुमांच ग्रिशुन" नावाची एक समाईक लेखी भाषा तयार केली. हेतू चांगला होता. सरकारी कागद, पाठ्यपुस्तकं पाच वेळा छापायला नकोत. २००७ मध्ये व्हाल म्युश्टायरनं शाळेत मुलांना लिहायला शिकवण्यासाठी ही समाईक भाषा स्वीकारली, अगदी पहिल्या काही गावांमध्ये. मग असंतोष वाढत गेला. मुलं घरी एक बोलतात, आजी-आजोबांच्या पत्रांत दुसरं वाचतात आणि शाळेत तिसरंच लिहितात, हे लोकांना पटेना. २०१२ मध्ये मतदान झालं आणि खोरं वालाडेरकडे परतलं.

काही भाषाप्रेमींना हा पराभव वाटला. मला तो तसा वाटत नाही. ज्या भाषेसाठी शेजारी शेजाऱ्याशी भांडतो, मत टाकतो, ती भाषा अजून कोणाची तरी आहे. जर्मन सगळ्यांनाच येते, तिच्याशिवाय नोकरी नाही. तरी दुकानात, रस्त्यावर, शाळेच्या मैदानात रोमान्श ऐकू येते. कोणी भेटलं तर "अल्लेग्रा" म्हणा. अभिवादनाला तेवढं पुरतं.

घरांच्या भिंतींवर नक्षी कसली?

तिला स्ग्राफितो म्हणतात. भिंतीला आधी गडद रंगाचा वाळू-चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो ओला असतानाच खिळ्यानं किंवा पातळ पात्यानं खरवडून आकृत्या. खालचा गडद थर रेघेतून दिसतो. चक्रं, लाटा, वेली, मासे, जलपऱ्या, कधी घरधन्याचं नाव आणि साल, कधी एखादं वचन. रंग लागत नाही, त्यामुळे उडतही नाही.

घरंही बघण्यासारखी. भिंती हातभर जाड, खिडक्या बाहेर रुंद आणि आत अरुंद, नरसाळ्यासारख्या: ऊन पुरेपूर आत यावं, थंडी कमी. दर्शनी दार कमानीचं आणि इतकं मोठं की गवतानं भरलेली गाडी घराच्या मधल्या दालनातून थेट मागच्या गोठ्यापर्यंत जावी. माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली. बसायची खोली आरोला पाइनच्या लाकडानं मढवलेली. त्या लाकडाचा वास वर्षानुवर्षं जात नाही. वाल्चावातलं चाझा यौरा हे जुनं घर आता संग्रहालय आहे, तिथे हे सगळं आतून बघता येतं.

सांता मारियात काय बघावं?

हातमाग. १९२८ पासून तिथे तेसांदा नावाची विणकरशाळा-कारखाना चालू आहे. खोऱ्यातल्या मुलींना घर न सोडता मिळकत व्हावी, हा मूळ उद्देश. जुन्या लाकडी मागांवर टॉवेल, टेबलावरचे कपडे, शाली आजही विणल्या जातात आणि शिकाऊ विणकर तयार होतात. महाग आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. माग चालताना बघितलं की किंमत समजते, परवडते असं नाही.

शिवाय सतराव्या शतकातली पाणचक्की, आणि गिनेस बुकात नोंद झालेला जगातला सर्वांत लहान व्हिस्की बार, क्षेत्रफळ साडेआठ चौरस मीटर.

लोक पोट कशावर भरतात?

गाई, गवत, थोडं धान्य, पर्यटन, सुतारकाम-बांधकाम, आणि सरकारी-निमसरकारी नोकऱ्या. इथले बहुसंख्य शेतकरी सेंद्रिय शेती करतात. डोंगराआड असल्यानं खोरं कोरडं आहे, पाऊस कमी. म्हणून शेकडो वर्षांपूर्वी ओढ्यांचं पाणी उतारावरून फिरवून कुरणांना देणारे पाट काढले गेले. त्यांना आउआल म्हणतात. मधल्या काळात बरेच बुजले होते, काही पुन्हा वाहते केले आहेत. त्यांच्या काठच्या वाटा चालायला सोप्या, चढ जवळजवळ नाही. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन गेलात तर याच वाटा धरा.

सीमेचा व्यवहार दोन्हीकडून चालतो. इटलीच्या बाजूची माणसं स्विस पगारासाठी रोज वर येतात, इथली माणसं स्वस्त किराण्यासाठी खाली जातात.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. जवाचं सूप ग्राउब्युन्डेनची खासियत, त्यात बहुधा मांसाचे तुकडे असतात. काप्युन्स म्हणजे पालेभाजीच्या पानात गुंडाळलेले पिठाचे गोळे. अळुवडीची आठवण येऊन हात पुढे जातो, पण आत सुकवलेलं मांस असतं. बटाटा किसून, पिठात घोळून लोण्यात परतलेले मालुन्स मात्र निर्धास्त खावेत. सोबत सफरचंदाचा मुरंबावजा लगदा देतात. खोऱ्यातली राय या धान्याची पाव-भाकरी आणि इथलंच चीज, एवढ्यावरही दुपार भागते. अक्रोडाचा केक सगळीकडे मिळतो. अक्रोड इथे पिकत नाहीत. परदेशात मिठाईचा धंदा करून परतलेल्या ग्राउब्युन्डेनच्या लोकांशी या केकचं नातं जोडलं जातं.

सणवार कोणते?

१ मार्चचा चालान्दामार्झ. मुलं गळ्यात गाईंच्या घंटा अडकवून गावभर फिरतात, गाणी म्हणतात, हिवाळ्याला हाकलतात. घंटा जितकी मोठी तितका मान, त्यामुळे आधीचे काही दिवस घरोघरी वाटाघाटी चालतात. हिवाळा काही लगेच जात नाही, मार्चमध्ये गुडघाभर बर्फ असतोच. १ ऑगस्टला राष्ट्रीय दिनाच्या होळ्या पेटतात, आणि सप्टेंबरमध्ये उन्हाळी कुरणांवरून गाई खाली येतात.

निसर्गाचं काय विशेष?

ओफेन खिंडीच्या पलीकडे लगेच स्विस नॅशनल पार्क लागतं. १९१४ मध्ये स्थापन झालेलं, आल्प्समधलं सर्वांत जुनं. तिथे फूलही तोडता येत नाही, आणि वाट सोडून पाऊल टाकलं तर दंड होतो. व्हाल म्युश्टायरला २०१० मध्ये या उद्यानासोबत युनेस्कोच्या जैवावरण राखीव क्षेत्रात सामील केलं गेलं, आणि २०११ पासून ते प्रादेशिक निसर्गोद्यानही आहे. दोन्हींत फरक असा: नॅशनल पार्कमध्ये माणसाचा हस्तक्षेप बंद, खोऱ्यात मात्र माणसानं शेती करत राहणं हाच योजनेचा भाग. कुरणं कापली नाहीत तर काही वर्षांत तिथे झुडपं माजतात आणि फुलांच्या जाती जातात.

ल्यूहून कोस्टाइनास खिंड ओलांडली की तामांगुरचं जंगल लागतं. आरोला पाइनचं, सुमारे २,३०० मीटरपर्यंत चढलेलं. आणि ल्यूमध्ये रात्री मुक्काम केलात तर जेवण झाल्यावर बाहेर पडा. उजेड नसल्यानं तिथलं आकाश हौशी खगोलप्रेमींना ओढून आणतं.

तरुण मुलं गावात राहतात का?

हा सर्वांत अवघड प्रश्न. सक्तीचं शिक्षण खोऱ्यात होतं, पुढच्या शिक्षणासाठी एंगाडिन, कूर किंवा त्याहून लांब जावं लागतं. गेलेले सगळे परतत नाहीत. जन्म कमी, घरं सुट्टीपुरती उघडणाऱ्यांची जास्त, भाड्यानं राहायला जागा दुर्मीळ. कोकणातल्या बंद घरांबद्दल आपण बोलतो तेच शब्द इथे चालतील.

काही गोष्टी धरून आहेत. सांता मारियातलं रुग्णालय देशातल्या सर्वांत लहान रुग्णालयांपैकी एक आहे, आणि ते चालू ठेवण्याला खोरं फार महत्त्व देतं. खिंडीत हिमवर्षाव असताना पलीकडच्या इस्पितळाचा काय उपयोग? शिवाय ते खोऱ्यातल्या मोठ्या रोजगारदात्यांपैकी आहे. गायनमंडळ, अग्निशमन दल, स्की क्लब हे हौशी लोकांवर चालतात. स्की क्लबची गोष्ट उगाच नाही: लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा दारियो कोलोन्या हा सांता मारियात जन्मलेला, या खोऱ्यात वाढलेला मुलगा. चिएर्वला त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीही झाल्या आहेत.

जायचं कसं, आणि किती दिवस ठेवायचे?

झुरिकहून रेल्वेनं लांडक्वार्टमार्गे, १९ किलोमीटरच्या व्हेराइना बोगद्यातून त्सेर्नेत्सला. तिथून पोस्टाची पिवळी बस ओफेन खिंड चढून तासाभरात म्युश्टायरला आणते आणि पुढे इटलीतल्या माल्सपर्यंत जाते. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर खोऱ्यातल्या बसचं वेगळं तिकीट लागत नाही. ओफेन खिंड वर्षभर चालू असते. उम्ब्राइल हिवाळ्यात बंद.

शेंगेन व्हिसा दोन्ही बाजूंना चालतो, पासपोर्ट मात्र खिशात असू द्या. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे सामानाची तपासणी होऊ शकते.

एक दिवस ठेवाल तर फक्त मठ होईल. दोन रात्री ठेवा: एक म्युश्टायरला, एक वर ल्यूला किंवा चिएर्वला. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत कुरणं फुललेली असतात, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात लार्चची झाडं पिवळी होतात. नोव्हेंबर आणि एप्रिल टाळा, बरीच हॉटेलं बंद असतात. आणि रविवारी गावातली दुकानं उघडी नसतात, तेव्हा शनिवारीच फळं, पाव, दूध घेऊन ठेवा.